म्हशीपाशी राहिलेलं गाणं

रुद्रम्मा गेल्याच्या नवव्या दिवशी सकाळी माकणीच्या भजनी मंडळाचे अध्यक्ष, हायस्कुलातले रिटायर हेडक्लार्क आणि पंचक्रोशीत नावाजलेले पेटीवादक अप्पा बायकोचं इरकली लुगडं नेसून गोठ्यात शिरले. त्यांना वेड लागलं नव्हतं. वेड लागायलाही माणसाला थोडी सवड लागते, आणि अप्पांना ती नव्हती. म्हशीनं नऊ दिवस पान्हा चोरला होता.

अप्पांचं खरं नाव बंडप्पा. पण ते आता आधार कार्डापुरतंच उरलं होतं. त्या नावानं हाक मारणारी थोरली माणसं एकेक करून गेली, बरोबरीचे पेटीला मान देऊन ‘अप्पा’ म्हणायला लागले, आणि बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, हे तर जगजाहीर. रुद्रम्मानं हा नेम एक्केचाळीस वर्षं असा पाळला की इतर बायकांनी तिच्याकडून शिकावं. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा तिला ठसका लागला. पुढं दर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तो न चुकता लागत गेला. रेशन दुकानात नाव विचारलं तर ती शेजारच्या चांगुणाबाईला पुढं करायची, “तू सांग गं.” अगदी शेवटी लातूरच्या दवाखान्यात नर्सनं विचारलं, “आजी, मिस्टरांचं नाव काय?” तर तोंडावरचा मास्क बाजूला सारून तिनं दाराकडं बोट केलं. “ते काय, उभेत तिथं,” म्हणाली. नर्स हसली, अप्पाही हसले. त्याच रात्री ती गेली.

आता म्हशीचं. घर, शेत, पेटी हे सगळं अप्पांचं. म्हैस तेवढी रुद्रम्माची. दिवाळीत ती व्याली आणि रेडकू चार दिवसांत दगावलं. रेडकावाचून म्हैस सहसा पान्हावत नाही. पण रुद्रम्मा आंबोणाचं घमेलं पुढं ठेवून खाली बसली, कासेवरून हात फिरवत काहीतरी गुणगुणली, की चरवी भरायची. ती गेल्यापासून म्हशीनं कास आखडून घेतली. चांगुणाबाईनं प्रयत्न केला, तर कपभर दूध मिळालं आणि गुडघ्यावर एक लाथ. जनावरांचे डॉक्टर आले, कास दाबून म्हणाले, “आजार काही नाही. दूध आहे आत. देत नाहीये, इतकंच. असंच चाललं तर आठवडाभरात आटेल, नाहीतर कास दगडी होईल.” आणि जाता जाता म्हणाले, “काकूंचं लुगडं नेसून बघा. कधीकधी वासानं फसतात.”

अप्पांना गोठ्याची सवय नव्हती. गोठ्यातल्या वासानं आवाज बसतो अशी त्यांची समजूत होती, आणि ती त्यांनी संसारभर जपली होती. रोज सकाळी ते ओसरीवर पेटी उघडून बसायचे, त्याच वेळी मागं रुद्रम्मा धारेला बसायची. तिकडून गुणगुण यायची. अप्पा ओरडायचे, “हळू गं, माझा सूर हलतोय!” गुणगुण बारीक व्हायची. ती काय गाते हे त्यांनी कधी विचारलं नाही. गाणारा घरात एकच, हे ठरलेलं होतं.

तर अप्पा लुगड्यात म्हशीपुढं उभे राहिले, आणि चांगुणाबाई कडब्याची पेंढी घेऊन आत आली.

“आगं बया! अप्पा, वटी भरायला तांदूळ आणू का?”

“हसू नका, चांगुणाबाई. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“कासोटा उलटा घालाय सांगितलाय व्हय डॉक्टरनं? थांबा, हलू नका.” चांगुणाबाईनं पेंढी टाकली, नको तिथं न बघता दोन हिसक्यांत निऱ्या सारख्या केल्या आणि पदर डोक्यावर ओढून दिला. मग चार पावलं मागं जाऊन तिनं नीट बघितलं, आणि तिचं हसू एकदम गेलं. “लांबून बरंच जमलंय,” ती म्हणाली.

म्हशीलाही जमल्यासारखं वाटलं असावं. तिनं पदर हुंगला. कान पुढं केले. अप्पा खाली बसले, कासेवरून हात फिरवला. कास तापलेली, ताठ. म्हैस थांबली आणि वाट बघत राहिली. अप्पाही वाट बघत राहिले. बराच वेळ असा गेल्यावर म्हशीनं मान वळवून त्यांच्या मिशांकडं बघितलं आणि शेपटीचा एक फटका त्यांच्या तोंडावर दिला.

“गाण्यासाठी थांबलीया ती,” चांगुणाबाई म्हणाली.

“कुठलं गाणं?”

“ते मला काय म्हाईत?”

“तुम्ही तिच्या मैत्रीण ना? तीस वर्षं एका बांधावर काम केलंत.”

“अवो, रुद्राक्का म्हशीला गायची. माणसांला कुठं गायची? माणसं म्हणायची, हळू.”

अप्पांनी लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं. “बरं, म्हशीचं नाव तरी काय ठेवलं होतं? हाक तरी मारतो.”

“ठिवलं आसंल कायतरी. मी इचारलं की नुसती हसायची.”

त्या दिवशी अप्पांनी मोबाइल उघडला आणि सगळा चाळून काढला. साडेतीनशे व्हिडिओ होते. सगळ्यांत अप्पा होते, पेटी होती, एकात तर नुसती पेटीच होती. रुद्रम्माचा आवाज एकाही ठिकाणी नव्हता. एका व्हिडिओत मागून “चहा” एवढं ऐकू आलं, तेही अर्धंच, कारण तिथं अप्पांची तान सुरू होत होती. तो ‘चहा’ त्यांनी वीसेक वेळा ऐकला. मग त्यांच्या ध्यानात आलं, की जिच्या कानात रुद्रम्माचं गाणं शाबूत आहे अशी जगात एकच बाई उरली आहे, आणि ती मागं खुंट्याला रवंथ करत उभी आहे.

दुपारी सोलापूरहून मुलाचा, नंदीशचा फोन आला. “अप्पा, तुम्ही आईचं लुगडं नेसताय?”

“कोण म्हणालं?”

“गावच्या ग्रुपवर फोटो आलाय.”

“बरा आलाय का?”

“अप्पा, मी रविवारी येतो. लोहाऱ्याचा एक माणूस टेम्पो घेऊन येईल, तो म्हैस नेईल. तुम्ही माझ्यासोबत चला. एकटं राहून असलं काहीतरी करत बसण्यापेक्षा…”

“आणि दूध द्यायला लागली तर?”

“दिलं तर बघू. पण देत नाही ना.”

तो मंगळवार होता. रविवारी टेम्पोत म्हैस चढली की तिच्याबरोबर गाणंही चढणार होतं, आणि ते लोहाऱ्याच्या माणसाला ऐकू येणार नव्हतं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. अप्पांनी अख्खं भजनी मंडळ म्हशीच्या पायाशी आणून बसवलं. पखवाजवाले शांतलिंग, टाळवाले पाच आणि लुगड्यातले अप्पा, पेटीवर. बुधवारी सकाळी गोठ्यात पोती अंथरली गेली. चांगुणाबाई चरवी घेऊन तयारीत बसली, आणि शांतलिंग म्हशीच्या तोंडावरचे भाव बघून निकाल द्यायला लागले.

भूपाळी झाली. म्हशीनं शेण टाकलं. दोन अभंग झाले. म्हशीनं घमेलं उलटं केलं. मग गवळण, कारण त्यात दूधदुभत्याचा उल्लेख येतो.

“शेपूट हालली!” एक टाळवाला म्हणाला.

“माशी हुती,” शांतलिंग म्हणाले.

पाळणा झाला, दोन सिनेमातली गाणी झाली, एकानं शाळेतली प्रार्थना म्हणून पाहिली. शेवटी आरती घेतली. टाळांचा गजर वाढला, अप्पा डोळे मिटून वरच्या पट्टीत गेले, आणि म्हशीनं मागचा पाय अगदी सावकाश, विचार करून उचलला. लाथ पेटीच्या भात्यातून आरपार गेली. चाळीस वर्षांच्या पेटीतून एक लांबलचक ‘फूऽस’ आलं आणि ती गप्प झाली.

शांतलिंगनी पखवाज काखेत मारला. “अप्पा, राग मानू नगा,” ते म्हणाले, “पण श्रोता जाणकार हाय.”

पेटी गेल्यामुळं गुरुवारी सकाळी अप्पांना काही कामच उरलं नाही. म्हैस खुंट्याची सोडून ते तिला घेऊन धरणाकडं निघाले. लुगडं तसंच होतं. ते नसलं की म्हैस दावं हाती लागू देत नव्हती. एस.टी.तून जाणाऱ्या दोघाचौघांनी मान बाहेर काढून बघितलं. अप्पांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला, आणि लाज वाटली की बायका असं का करतात हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं.

तेरणेचं पाणी पार गवताला लागलं होतं. म्हैस गळ्यापर्यंत आत गेली आणि तिच्या पाठीवर एक बगळा येऊन बसला. दोन्ही बाजूला ज्वारी कणसात आलेली, वाऱ्यानं पानं एकमेकांना घासत होती. रुद्रम्मा रोज इथं यायची. “काय असतं एवढं तिकडं?” असं त्यांनी एकदा विचारलं होतं, आणि “काय न्हाय, पाणी असतंय,” असं ती म्हणाली होती. खरोखरच पाणी होतं. अप्पा काठावरच्या दगडावर बसले. ती गेल्यापासून घरात सारखी माणसं होती, मठातले स्वामी होते, सोयरे होते, त्यांच्यासमोर अप्पांनी फार धीरानं घेतलं होतं. इथं म्हैस आणि बगळा सोडून कुणी नव्हतं. अप्पा तोंडात पदराचा बोळा घालून रडले. मग बोळा काढला आणि मोठ्यानं रडले. फार आठवण आली त्यांना तिची. ती नाही, आता नाहीच, हे त्यांना त्या दगडावर बसून कळलं.

रडणं ओसरलं तसं ते काहीतरी गुणगुणायला लागले. कसलंच गाणं नव्हतं ते. तीनच सुरांवर फिरणारी, शेवटी मध्यमावर येऊन अडून बसणारी एक चाल. पाण्यातल्या म्हशीनं दोन्ही कान वळवले.

अप्पा थांबले. म्हशीनं कान पाडले. अप्पांनी पुन्हा सुरुवात केली. कान वर.

मग त्यांना उमजलं. रोज सकाळी त्यांचा सूर हलवायची ती हीच चाल. आळंदकडच्या तिच्या माहेरची, जात्यावरची असावी. जिला ते एक्केचाळीस वर्षं गप्प करत होते, तिनं तितकीच वर्षं कानात घर केलं होतं. वैतागलेला कान कधी काही विसरत नाही.

चाल सापडली. शब्द राहिले. शुक्रवारी आणि शनिवारी अप्पा आणि चांगुणाबाई दोघं गोठ्यात बसून शब्द शोधू लागले. पद्धत सोपी होती. अप्पा त्या चालीवर एक ओळ रचून म्हणायचे, चांगुणाबाई म्हशीचे कान बघायची. कान पुढं आले तर ओळ बरोबर, शेपटी आली तर रद्द.

देवाचं नाव घातलं, शेपटी. माहेरच्या वाटेचं वर्णन केलं, शेपटी. अप्पांना वाटलं, बायको नवऱ्याचं कौतुक गात असेल. त्यांनी मोठ्या संकोचानं एक ओळ रचली, ‘माझ्या धन्याचा गं गळा, जशी साखरेची गोडी.’ म्हशीनं लाथ मारली.

“उलटं म्हणून बघा,” चांगुणाबाई म्हणाली.

“उलटं म्हणजे?”

“म्हंजे खरं.”

अप्पांनी घसा खाकरला. ‘माझा धनी गं बसून, त्याला हातात चहा.’ कान तिळभर पुढं आले. ‘सारं गाव ऐकतंय, घरी बोलतोय थोडं.’ कान आणखी पुढं.

“बघा!” चांगुणाबाईनं मांडीवर थाप मारली. “अजून दोष हायत का?”

“माझ्या माहितीत एवढेच होते.”

“मग माझ्याकडून घ्या.” आणि तिनं सुरुवात केली. बाजारातून भाजी आणायला सांगितली तर अप्पा टाळांचे गोंडे घेऊन आले होते. सुनेच्या बाळंतपणात रुद्राक्का महिनाभर सोलापुरात होती, तेव्हा त्यांनी फोन केला तो मिठाचा डबा कुठं आहे हे विचारायला. तिचं डोळ्याचं ऑपरेशन होतं त्या दिवशी भजनी स्पर्धा होती, आणि अप्पा स्पर्धेला गेले होते; वर तिसरा नंबर आला होता. अप्पा एकेक दोष ऐकायचे, मात्रा जुळवायचे आणि गायचे. जन्मात त्यांनी इतक्या मन लावून रियाज केला नव्हता. म्हैस रवंथ थांबवून ऐकत होती.

“पेटीच्या भात्याला जपायचे, तिच्या खोकल्याला न्हाय,” चांगुणाबाई बोलण्याच्या ओघात म्हणून गेली.

कोपऱ्यात फाटक्या भात्याची पेटी पडली होती. थोड्या वेळानं अप्पांनी ती ओळही चालीवर बसवली आणि म्हटली, आवाज फाटला तरी शेवटापर्यंत म्हटली. म्हशीनं दोन्ही कान पुढं केले, डोळे अर्धे मिटले, सड भरून आले. पण धार उतरली नाही. शनिवारच्या संध्याकाळी चांगुणाबाईनं रिकामी चरवी पालथी घातली. “समदं बरोबर हाय. पण आजून कायतरी एक ऱ्हायलंय,” ती म्हणाली.

रविवारी उजाडताच अप्पा एकटेच धारेला बसले. एकूण एक दोष गाऊन झाला. म्हैस आपली वाट बघत उभी. गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला, नंदीशचा आवाज आला, “डावीकडं घ्या, डावीकडं.” अप्पांपाशी आता एकही ओळ उरली नव्हती. त्यांनी म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवलं. आतून गुडगुड ऐकू येत होतं. लहानपणी दुधाचं भांडं लवंडलं की आई ज्या आवाजात बोलायची, तसाच आवाज त्यांच्या तोंडून निघाला, आपसूक त्या तीन सुरांवर:

“बंडप्पाऽ… बंडप्पा, काय केलंस रे हे?”

म्हशीनं एक लांब श्वास सोडला. मागचे पाय फाकवले. अप्पांच्या मुठीत काहीतरी ऊन लागलं आणि चरवीच्या तळावर चर्रकन धार वाजली.

अप्पांनी हात तसाच धरून ठेवला. धार थांबली. त्यांनी आजूबाजूला बघितलं, आणि कुणाची तरी चोरी करावी तसं हळूच म्हटलं, “बंडप्पा.” धार सुरू. “बंडप्पाऽ.” चरवीत फेस चढायला लागला.

लग्नात तिला ठसका लागला होता. संक्रांतीला ठसका लागला होता. दवाखान्यात तिनं बोट दाखवलं होतं. आणि रोज सकाळ-संध्याकाळ, दहा पावलांवर, भिंतीच्या पलीकडं ती हे नाव घेत होती, आणि ते ओसरीवरून ओरडत होते, हळू गं. एक तर ती त्यांच्याबद्दल गात होती, नाहीतर तिनं म्हशीचंच नाव बंडप्पा ठेवलं होतं. अप्पांना दोन्ही मान्य होतं. डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

गोठ्याच्या दारात तिघं जण येऊन उभे होते. टेम्पोवाला वाकून चरवीत बघत होता. “पाव्हणं, हे असलं जनावर इकतंय व्हय कुणी?” असं म्हणून तो टेम्पो वळवायला निघून गेला. चांगुणाबाईच्या तोंडावर पदर होता. ती हसत होती आणि रडतही होती. “रुद्राक्का, लबाडे,” ती म्हणाली, “मलासुदीक न्हाय सांगितलंस.”

नंदीश मात्र दारातच उभा होता. लुगडं नेसलेला बाप स्वतःलाच हाका मारतोय, ही गोष्ट त्याच्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हती. बाहेर चारपाच माणसं जमली होती, एकानं मोबाइलही वर धरला होता. नंदीश जवळ आला, खाली वाकला आणि दबक्या आवाजात म्हणाला,

“अप्पा, हळू. बाहेर ऐकू जातंय.”

अप्पांनी त्याच्याकडं बघितलं. हा शब्द त्या घरात नेमका किती वेळा बोलला गेला होता, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “ती चरवी भरली. दुसरं भांडं आण.”

नंदीश भांडं आणायला गेला. अप्पांनी पदर सारखा केला, मान थोडी तिरकी केली, जशी ती करायची, आणि तिची चाल तिच्या आवाजात, पण अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी घेतली, “बंडप्पाऽऽ…”

सूर मध्यमावर येऊन थांबला. म्हैस पान्हावत होती. अप्पांनी थोडी वाट बघितली. उत्तर द्यायला तिथं दुसरं कुणी नव्हतंच.

“ओ,” ते म्हणाले.